रिकाम्या मनगटांचा हिवाळा

थंडी आलेली मला कपड्यांवरून कळते. सकाळी पांघरूण घडी घालताना चटचट असा बारीक आवाज येतो. सासूबाईंचं नायलॉनचं पातळ दोरीवरून काढावं तर ते हाताला चिकटतं, सोडवून लांब धरलं तरी परत अंगाशी येतं. केस विंचरताना फणीच्या मागे केस उठून उभे राहतात. लहानपणी माहेरी, आटगावजवळ, आम्ही बहिणी त्याला भूत म्हणायचो आणि एकमेकींच्या डोक्यावर फणी धरून हसायचो. आता मला माहीत आहे की ते भूत नाही. ती वीज आहे, एका जागी बसून राहिलेली. पावसाळ्यात हवा ओली असते म्हणून ती उतरून जाते. हवा कोरडी झाली की तिथंच राहते. हे मला ज्या बाईंनी शिकवलं त्यांचं नाव मी घेत नाही, पण शिकवलेलं काही जात नाही. दर हिवाळ्यात पांघरूण वाजतं आणि ते सगळं परत येतं.

सासरचा, मुरबाडकडचा हिवाळा तसा सुखाचा. भात झोडून झालेलं असतं. खळ्यावर पेंढ्याची उडवी रचलेली असते आणि तिच्या उन्हाच्या बाजूला कोंबड्या माती उकरत बसतात. खाचरांत वाल टाकलेले असतात, नुसत्या दवावर वाढतात ते. सकाळी त्यांच्या वेलांतून चाललं की लुगड्याचा काठ पोटरीपर्यंत ओला होतो आणि नऊ वाजेपर्यंत कडक वाळतो. म्हसा गावच्या जत्रेची बोलणी चालू होतात. कुणाला बैल बघायचा असतो, कुणाला घोंगडी घ्यायची असते. माझाही हा आवडता ऋतू होता.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर मी मॅडमच्या खोलीवर कामाला लागले. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी थोडी जागा घेतली होती. मुंबईला कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, साठीच्या पुढच्या. त्यांनी एक खोली अर्धी जमिनीत खणून बांधली, जाड भिंतींची, एकही खिडकी नसलेली. गावाला वाटलं धान्याचं कोठार असेल. मग कळलं की आत चांदण्यांचं काहीतरी यंत्र आहे. तेव्हापासून त्यांचं नाव चांदण्यांवाली बाई पडलं आणि पाणवठ्यावर बायका मला विचारायला लागल्या, "काय गो, आज किती चांदण्या मोजल्या?" दुसरी म्हणायची, "तिला इचारू नको. ती बोलते कवा? चांदण्याच बोलतील पयल्या."

खरं होतं ते. मला बोलायला जमत नाही. चार माणसं समोर असली की जीभ टाळ्याला चिकटते. चौथीनंतर शाळा सुटली, आणि शाळेत असतानाही उत्तर येत असून मी हात वर केला नाही. मॅडमना मात्र माझं हेच आवडलं. त्या म्हणाल्या, "मला असंच माणूस हवं. न बोलणारं आणि नीट बघणारं."

मुरबाडला रेल्वे नाही म्हणून आमच्याकडची माणसं जन्मभर कुरकुरतात. मॅडम तेवढ्याचसाठी इथे आल्या होत्या. रेल्वे आली की जमीन हलते, म्हणाल्या, आणि जमीन हलली की माझं यंत्र हलतं. मला ते लगेच पटलं. माहेरी घराजवळून मालगाडी गेली की मोरीतल्या हंड्याचं पाणी थरथरायचं. आधी पाण्यावर बारीक वळ्या दिसायच्या, गाडी मागून ऐकू यायची. मी हे सांगितलं तेव्हा मॅडम हातातला चहा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "हेच," म्हणाल्या. "अगदी हेच आम्ही करतोय. फक्त गाडी फार लांबची आहे."

मग त्यांनी मला समजावलं. खूप लांब, कल्पना करता येणार नाही इतक्या लांब, विझलेल्या ताऱ्यांचे दोन काळे गोळे एकमेकांभोवती फिरत एकमेकांवर आदळतात. त्यानं सगळं अवकाशच हलतं, हंड्यातल्या पाण्यासारखं. ते हलणं पकडायला आकाशात तीन यानं सोडायची आहेत, एकमेकांपासून लाखो मैल लांब. प्रत्येक यानात सोनं मिसळलेल्या धातूची एक ठोकळी, मुठीत मावेल एवढी. ती कशालाच शिवत नाही. भोवती सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या, मध्ये ती नुसती तरंगते. तिला दुसऱ्या कशानंही हलवता कामा नये. म्हणजे ती हललीच तर त्या लांबच्या धक्क्यानंच हलली असं म्हणता येईल.

"पण तसं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "आकाशातून बारीक किरण येत राहतात आणि तिच्यावर वीज बसते. तुझ्या पातळावर बसते तशी. मग पट्ट्या तिला ओढतात. ती हलते आणि आम्हाला वाटतं तारे आदळले. त्याला आम्ही नॉईज म्हणतो."

मी विचारलं, "मग वीज उतरवायची ना."

"कशी उतरवणार? उतरवायला कुणीतरी तिला शिवायला हवं. आणि शिवायचं तर नाही." मग म्हणाल्या, "एका जातीचा उजेड टाकून उतरवतात. पण फार जपून."

त्या दिवशी मी घरी गेले ती त्या ठोकळीच्याच विचारात. भाकरी थापताना वाटत होतं, कशालाही न शिवता राहायचं म्हणजे किती एकटं. वर परत बारीक काहीतरी अंगावर साठत जाणार आणि ते कुणाला सांगता येणार नाही.

आमच्या खोलीतली ठोकळी खरी नव्हती, तिची धाकटी बहीण म्हणावी अशी. एका पोलादी टाकीत, हवा काढून घेतलेल्या पोकळीत, केसाहून बारीक तारेला टांगलेली. भोवती तशाच सोन्याच्या पट्ट्या. वीज कशी बसते आणि किती ओढते एवढंच बघायचं होतं. मोठ्या संस्थेनं ते यंत्र मॅडमना एका वर्षासाठी दिलं होतं, आणि मी लागले तेव्हा त्यातलं बरंचसं सरलं होतं. वर्ष संपल्यावर ते ठेवायचं की परत न्यायचं हे संस्थेची माणसं येऊन ठरवणार होती. त्यावर मॅडमचा सगळा जीव होता. एकदा म्हणाल्या, "तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या यंत्रावर काम केलं. हे एक माझं आहे."

आत जायचे नियम होते. सुती लुगडं नेसायचं, त्यासाठी दोन लुगडी त्यांनीच घेऊन दिली. पायात काही घालायचं नाही. केस घट्ट बांधायचे. आणि बांगड्या काढायच्या.

पहिल्या दिवशी मी ऐकलं आणि तशीच उभी राहिले. मॅडमनी काचेची एक कांडी रेशमावर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. काच कपड्याला घासली की वीज धरते, म्हणाल्या, आणि टाकीला लागली की टाकी वाजते. मला समजलं होतं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण आमच्याकडे नवरा असताना बाईनं मनगट उघडं ठेवायचं नसतं. एक बांगडी फुटली तर दुसरी भरेपर्यंत बाया हाताला दोरा गुंडाळतात. सासूबाई या बाबतीत फार कडक. मी मॅडमना म्हणाले, "घरी कळलं तर मला परत येता येणार नाही." त्या म्हणाल्या, "नाही कळणार. हे तुझ्यामाझ्यात."

मग रोज दाराबाहेर मी स्टीलच्या डब्यात सहा बांगड्या उतरवून ठेवायचे. हाताला तेल लावायचं नाही, म्हणून त्या सहज निघायच्या नाहीत. अंगठा तळव्यात दुमडून, हाड दाबून एकेक काढायची. आत गार अंधार असायचा, पंपाची हलकी घरघर, आणि मनगटांना थंडी वाजायची. नुसती मनगटांना. पहिले आठ दिवस माझे हात माझे नव्हतेच. मग सवय झाली. मग, आता लिहायला हरकत नाही, बरं वाटायला लागलं. हात हलवला तरी आवाज नाही. मी आहे हे कुणाला कळत नाही आणि मी मात्र सगळं बघते आहे.

माझं काम वहीचं होतं. आकडे संगणक आपोआप टिपून ठेवायचा. पण संगणकाला बाहेरचं कळत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी मी वेळ लिहायची, समोर दिसणारा आकडा लिहायचा आणि तिसऱ्या रकान्यात, आजूबाजूला काय झालं ते. ट्रॅक्टर गेला. म्हशी गेल्या. दार उघडलं. वारा. काही झालं नसेल तर, काही नाही. मॅडमनी बजावलं होतं, "मनचं काही घालायचं नाही. विचित्र दिसलं तरी दिसलं ते लिहायचं." चौथीनंतर एवढं मी कधी लिहिलं नव्हतं. पहिल्या वहीतली अक्षरं रांगत गेली आहेत, दुसऱ्या वहीत ती उभी राहिली.

संक्रांतीच्या आसपास आकडा उडायला लागला. ट्रॅक्टर नाही, वारा नाही, मी स्टुलावर बसलेली, आणि आकडा एकदम वर जायचा, तिथं थोडा वेळ राहायचा, मग आपल्या आपण खाली यायचा. मी बघितलं आणि लिहिलं. तिसऱ्या रकान्यात, काही नाही. दुसऱ्या दिवशी तीनदा, काही नाही. मॅडम वही वाचायच्या आणि कपाळ चोळायच्या. "नक्की?" विचारायच्या. मी म्हणायची, "नक्की." "तू हललीस?" "नाही." त्या माझ्यावर विश्वास ठेवतात असं मला वाटायचं. विश्वास ठेवण्याचा चेहरा मी आधी फारसा पाहिला नव्हता, तो कसा असतो हे मला नीट माहीत नव्हतं.

संस्थेची माणसं आली तो दिवस असाच कोरडा होता. आमचे हे कल्याणच्या रस्त्याला जीप चालवतात. पाहुण्यांना आणायला मॅडमनी त्यांनाच सांगितलं होतं. तिघे जण होते. आत जाऊन आले, वही चाळली, संगणकावर बघितलं, बराच वेळ इंग्रजीत बोलले. मग बाहेर ओट्यावर खुर्च्या टाकल्या. मी चहाचा ट्रे घेऊन आले. हे पायरीशी उभे होते. मी आत नव्हते, म्हणून माझ्या हातांत बांगड्या होत्या.

त्यांतल्या टक्कल पडलेल्या साहेबांनी मराठीत विचारलं, "हे उडतंय कशानं? यंत्रात दोष असेल तर आम्ही घेऊन जातो. तुमच्याकडून काही होत असेल तर गोष्ट वेगळी."

मी एक कप खाली ठेवला. मग मॅडम म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे. मदतनीस चौथी शिकलेली आहे हो. किती सांगितलं तरी बांगड्या घालून आत जाते. तेच असणार."

सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. मी उरलेले कप खाली ठेवत राहिले. प्रत्येक कपाला बांगड्या वाजत होत्या.

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, सुटल्यासारखे हसले. "मग सोपं आहे," म्हणाले. "बाई बदला."

मी मॅडमकडे बघितलं. त्या साखरेच्या भांड्याकडे बघत होत्या. मला बोलायचं होतं. एकच वाक्य होतं, मी रोज काढून जाते. पण पायरीशी हे उभे होते. ते वाक्य खरं होतं तर मी घरात तीन महिने खोटी होते. आणि गप्प राहिले तर त्या वहीतलं पानन् पान खोटं होतं. मी ट्रे उचलला आणि आत गेले.

संध्याकाळी जीप धुताना ह्यांनी विचारलं, "तुला सांगितलं व्हतं ना त्यांनी, बांगड्या काढ म्हणून?"

"हो."

"मंग?"

मी पाण्याची बादली पुढे सरकवली. त्यांना वाटलं मी घरची रीत पाळली. मान हलवून म्हणाले, "बरं केलंस. असल्या कामाला आग लागो." आणि पाणी मारत राहिले. न केलेल्या गुन्ह्याबद्दल मला शाबासकी मिळाली. मॅडमचं बोलणं झोंबलं त्याहून ही शाबासकी जास्त झोंबली, कारण ती मी घेतली.

मी परत खोलीवर गेले नाही. मॅडमनी बोलावणंही पाठवलं नाही. यंत्र राहिलं. वह्या त्यांच्याकडेच राहिल्या. गावात गोष्ट फिरून फिरून मला अशी ऐकू आली की मी यंत्राला हात लावून ते बिघडवलं. पाण्यावर एक जण म्हणाली, "अगो, हिनं चांदण्या विझवल्या." बायका हसल्या. मीही हसले. हसल्यावर लोक लवकर सोडतात.

मॅडमचा राग आला का, तर तेव्हा नाही आला. आधी वाटलं, माझंच काही चुकलं असेल. मी खरंच हलले असेन. एखाद्या दिवशी एखादी बांगडी राहून गेली असेल. एका भल्या बाईनं मला खोटी म्हटलं, तर ती बाई खोटी असण्यापेक्षा मीच खोटी असणं मला सोपं वाटलं. असे कितीतरी दिवस मी माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास घालवून बसले होते. भात निवडताना खडा दिसला तर दोनदा बघायची, खडाच आहे ना. राग फार उशिरा आला, कधीतरी भर पावसात लावणी करताना, आणि आला तो गेला नाही. त्यांना सांगायचं होतं तर सांगायचं की मला माहीत नाही कशानं उडतंय. एवढं शिकलेल्या बाईला एवढं म्हणता आलं असतं. तेही जमत नव्हतं तर म्हणायचं, बाई धसमुसळी आहे, बाई झोपते. मी ते सोसलं असतं. पण त्यांनी नेमकी तीच गोष्ट उचलली जी मी त्यांच्यासाठी घरापासून लपवली होती. ती उलट वापरली तर मी बोलू शकणार नाही हे सगळ्या जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं.

या सोमवारी त्या आल्या. मी ओट्यावर वालाच्या शेंगा पसरत होते. सासूबाई वालाच्या खाचरात गेल्या होत्या, हे कल्याणला. मॅडम थकल्यासारख्या वाटल्या, काठी घेतली आहे आता. पेढ्यांचा पुडा पुढे केला. मी तो घेऊन बाजूला ठेवला.

"तुझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "यंत्र उघडलं शेवटी. एका पट्टीवर सोन्याचा मुलामा सुटलाय. तिळाएवढा डाग. त्याच्यावर वीज यायची आणि जायची. तुझ्या वहीमुळे सापडलं ते. तू इतक्यांदा 'काही नाही' लिहिलं होतंस, की मला वाटलं बाहेर नाहीच काही, आत बघावं."

मी विचारलं, "कधी वाटलं?"

"तेव्हाही थोडं वाटत होतं. पण यंत्र घेऊन गेले असते गं."

माझं उत्तर होतं ते. इतके दिवस मला फक्त शंका होती.

मी म्हणाले, "त्या तिघांना सांगितलंत?"

"अहवाल पाठवलाय ना सगळा."

"त्यात माझं काय आहे?"

"अहवालात यंत्राचं असतं. माणसांचं नसतं."

"त्या दिवशी तर माणसाचंच होतं," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. कुणासमोर एवढं बोलायची ही माझी पहिलीच वेळ. "मॅडम, आई येतील आता अर्ध्या तासात. हेही दुपारी येतात जेवायला. थांबा. त्यांच्यासमोर एवढंच सांगा, की मी बांगड्या काढून जात होते, आणि तुम्हाला ते माहीत होतं."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं. "मी तुला सांगितलं ना," म्हणाल्या. "तुझ्यासाठीच आले मी इतक्या लांब." मग म्हणाल्या, "त्यांना सांगून तुलाच त्रास होईल." आणि काठी टेकत निघाल्या. मी त्यांना पायरी उतरायला हात दिला. का दिला कोण जाणे. हात आपोआप पुढे गेला.

सासूबाई आल्या, डोक्यावर पाटी, पाटीत शेंगा. पुडा बघून म्हणाल्या, "कोण आलं व्हतं?"

"चांदण्यांवाल्या मॅडम."

"आता काय काम काढलं तिनं?"

मी म्हणाले, "आई, मी तिथं रोज बांगड्या काढून आत जायची. तीन महिने. त्या दिवशी त्या खोटं बोलल्या. मी घरी कळेल म्हणून गप्प राहिले."

त्यांनी पाटी उतरवली. मला वाटलं, आता ऐकू येईल. त्या खाली बसल्या, पदरानं मान पुसली.

"मला ठावं व्हतं," म्हणाल्या. "संक्रांतीला कासारीण ओट्यावर बसली, मी हात भरला, आणि तू म्हणालीस, माझ्या हायेत अजून. दिवाळीच्या बांगड्या संक्रांतीला सा च्या सा, एकबी फुटली न्हाय? भात झोडणाऱ्या बाईच्या? मी काय येडी हाय?"

"मग तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"म्हटलं, पोरीला काम आवडलंय. करूंदे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या बाईनं तुला खोटं पाडलं. ती परकी. पर तू तीन वरसं मला भिऊन ऱ्हायलीस गो? मी तुला कवा मारलं, कवा हाकललं? एकदा इचारून तरी बघायचंस."

त्यांनी सूप ओढून मध्ये ठेवलं. दुपार होईपर्यंत आम्ही दोघी समोरासमोर बसून एकाच सुपात वाल सोलत राहिलो, आणि त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.